अकरा कोरडी तळघरे

दिनांक ११ जून २०१९, मंगळवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. उत्तरेच्या बर्फाळ समुद्राकाठच्या इम्नाक गावातील मांसाची तळघरे एकूण अकरा. त्यांपैकी पाणी शिरलेली, एकही नाही.

हा आकडा शाळेच्या जेवणघरात सर्वांच्या समक्ष ठरला. आकडा घ्यायला जोआना जिल्ह्याच्या कचेरीतून सकाळच्या विमानाने आली होती आणि दुपारी चारच्या विमानाने परत जायची होती. तिने एकेका घराचे नाव घ्यावे आणि त्या घरच्या नाखव्याने, तो शिकारीवर गेला असेल तर त्याच्या बायकोने, उत्तर द्यावे, असे चालले होते. "कोरडं." "कोरडं." "कोरडं, देवाची कृपा." अकरावे उत्तर झाल्यावर जोआनाने पेन टेबलावर ठेवले आणि समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले.

"सगळी? अकराच्या अकरा?"

"का गं, वाईट वाटलं?" पहिल्या बाकावरून बर्डी म्हणाली. "एवढी विमानानं ओलं तळघर शोधायला आलीस आणि रिकाम्या हातानं चाललीस."

सगळे हसले. जोआनाची आजी इम्नाकचीच होती, तेव्हा तिची थट्टा करण्याचा हक्क गावाला होता. जोआनाही हसली, पण तिने कागद आवरले नाहीत.

"मला नाही वाईट वाटलं, बर्डीमावशी. पुढे तुम्हाला वाटू नये म्हणून पुन्हा विचारतेय. ऑगस्टच्या मालजहाजातून एकच शीतकोठार येणार आहे. ज्या गावाची निदान चार तळघरं गेलीत, त्याला ते मिळणार. दक्षिणेकडच्या गावानं पाच सांगितलीत. तुमची चार भरली, तर तुमची घरं जास्त म्हणून नंबर आधी तुमचा. ज्याचं तळघर त्यानं स्वतः सांगायचं, एवढीच अट. मी कुणाच्या तळघरात डोकावणार नाही, आणि एकानं दुसऱ्याचं सांगितलेलं मला चालणार नाही. विमान सुटेपर्यंत कुणाला काही आठवलं तर मी आहेच."

"आमची आठवण शाबूत आहे, पोरी," क्लेमेंट म्हणाला. क्लेमेंट सगळ्या नाखव्यांचा मुख्य आणि चर्चमधला वडीलधारा माणूस. त्याच्या बोलण्यावर कोणी बोलत नसे, म्हणून लोक उठले.

असे का झाले ते समजायला तळघर ही आमच्याकडे काय वस्तू आहे हे ठाऊक असावे लागते. कायम गोठलेल्या जमिनीत दोन पुरुष खोल खणलेली ती खोली असते. वसंतात मारलेल्या देवमाशाचे मांस तिच्यात राहते, आणि ते घराच्या मालकीचे नसते. मासा ज्या नाखव्याच्या नावेला मिळाला, त्याने तो गावासाठी सांभाळायचा आणि जूनच्या जेवणात, पुढे हिवाळ्यातल्या सणांना, सगळ्यांना वाढायचा. नावा बर्फावर न्यायच्या आधी प्रत्येक घर आपले तळघर रिकामे करते, जुने रक्त खरवडते, तळाला नवा बर्फ पसरते. कारण देवमासा स्वच्छ तळघर पाहून येतो. ज्या घरची खोली घाण, त्या घरच्या नावेपुढे तो पाठ वर काढत नाही. खोली स्वच्छ ठेवणे हे नाखव्याच्या बायकोचे काम. त्यामुळे ओल्या तळघराचा आमच्याकडे एकच अर्थ होतो, आणि तो त्या बाईच्या नावाला चिकटतो. इतर गावांत जमीन वितळते आहे हे आम्ही सगळेच बातम्यांत ऐकत होतो. स्वतःच्या घरात पाणी दिसले की मात्र प्रत्येकीला झाकणाची राहिलेली फट आठवत होती.

जोआनाला तळघरांच्या जागा नकाशावर टिपायच्या होत्या. तिच्याबरोबर गावाने एनॉकला दिले. एनॉकने तरुणपणी अँकरेजच्या तंत्रशाळेत दोन वर्षे काढली होती आणि पुढे तीस वर्षे गावचे वीजघर चालवले होते. तो नाखवा नव्हता, त्याचे तळघरही नव्हते. नाखवा होता त्याचा धाकटा भाऊ अमोस, आणि यंदा दोन मेला अमोसच्या नावेला अकरा मीटरचा मासा मिळाला होता. शनिवारचे मोठे जेवण अमोसच्याच घरचे होते. अमोस स्वतः माणसे घेऊन किनाऱ्याने सीलच्या मागे गेला होता आणि गुरुवारी येणार होता.

दोघे घरोघर फिरले. जोआना प्रत्येक झाकणापाशी उभी राही आणि नुसती त्याकडे बघे. घरातून कोणीतरी लगबगीने बाहेर येऊन म्हणे, "उघडत नाही हं, ऊब आत जाते." पहिल्या घरी हे ऐकून एनॉकने मान हलवली. बरोबर होते, जूनमध्ये झाकण जितके कमी उघडावे तितके चांगले, हे त्यानेच गावाला वर्षानुवर्षे सांगितले होते. सहाव्या घरीही त्याने मान हलवली. अकराव्या घरी, म्हणजे अमोसच्या, हिल्डा झाकणावर बसूनच रानबदके सोलत होती.

"उघडत नाही हं," ती म्हणाली. "ऊब आत जाते."

"मी सांगितलं नाही उघड म्हणून," जोआना म्हणाली. तिने जागा टिपली. जाताना ती क्षणभर थांबली. "हिल्डाकाकू, या गार झाकणावर तासभर बसलात तर पाठ धरेल. आत खुर्च्या नाहीत का?"

"बदकांची पिसं घरात उडतात."

जोआना शाळेत परतली. एनॉक घरी जाऊन चहा ठेवतो न ठेवतो तोच हिल्डा मागोमाग दारात उभी राहिली. तिने बूट काढले नाहीत.

"भाऊजी, वीजघरातला एखादा पंप मिळेल का? संध्याकाळपर्यंत."

"कशाला?"

"कपड्यांचं मशीन तुंबलंय. सगळं पाणी न्हाणीत."

"चल, बघतो मी मशीन. पंप कशाला त्याला, नळी काढून फुंकली की..."

"मशीन नका बघू." हे ती इतक्या पटकन म्हणाली की एनॉकने किटली खाली ठेवली. "म्हणजे तुमची कंबर... कशाला वाकताय. पंप तेवढा द्या, मी करते."

एनॉकने जास्त विचारले नाही. घरच्या बाईच्या न्हाणीत दिराने किती शिरायचे यालाही मर्यादा असते. तो वीजघरात गेला. आता तिथे वेस्ली काम बघतो. त्याने पाय टेबलावर टाकले होते आणि तो सुकी मासळी चघळत होता.

"पंप?" वेस्ली म्हणाला. "काका, तुम्ही तिसरे आज. एकही नाही."

"चार होते."

"होते. एक बर्डीकाकूनं नेला परवा. मशीन तुंबलंय म्हणे."

"हं."

"एक क्लेमेंटदादांनी. नावेत पाणी साचलंय."

"नाव तर मचाणावर उलटी घातलीय त्यांची. उलट्या नावेत पाणी?"

वेस्लीचे चघळणे थांबले. "मी विचारलं नाही. क्लेमेंटदादांना कोण विचारणार? एक नेला ऑस्करच्या आईनं, तिचंही मशीन. आणि चौथा आज सकाळी शाळेतून सभा सुटल्या सुटल्या गेला, पलीकडच्या गल्लीतल्या विनीकडे. तिचं काय बिघडलंय ते... थांबा." त्याने पाय खाली घेतले. "विनीकडे मशीनच नाही. ती आमच्याकडे येते धुवायला."

 मग वेस्लीने नजर खाली वळवली. त्याची आई नाखव्याची मुलगी होती, त्यांच्याकडेही तळघर होते.

"आमच्या घरी मी विचारलेलं नाही," तो हळू म्हणाला. "आणि काका, मी तुम्हाला काही बोललोही नाही."

एनॉक परत निघाला तेव्हा त्याच्या मनात हिशेब तयार होता: चार पंप आणि पाचवी हिल्डा. चारची अट होती. पण हिशेब करणाऱ्याला तो बोलता येत नव्हता; जोआनाने ते सकाळीच सांगितले होते, आणि जोआना काही बोलली नसती तरी आमच्याकडे दुसऱ्याच्या तळघराबद्दल कोणी तोंड उघडत नाही. वाईट गोष्ट नुसती बोलली तरी ती बोलणाऱ्यालाही लागते.

हिल्डा अजून झाकणावर होती. बदके सोलून संपली होती. ती रिकाम्या हातांनी बसली होती.

"मिळाला?"

"नाही. उठ."

"भाऊजी, ऊब..."

"हिल्डा, उठ."

ती उठली. झाकण काढताच जो वास वर आला त्याने एनॉकला पुढचे सगळे कळले. तरीही तो शिडीने खाली उतरला, कारण पाहिल्याशिवाय बोलणे त्याला जमत नसे. शेवटची पायरी पाण्यात होती. पाणी गुडघ्याच्या जरा खाली आले. भिंतींवर एरवी दवाच्या बर्फाची पांढरी पिसे लटकलेली असतात; तिथे आता ओली काळी माती विजेरीच्या उजेडात चमकत होती. एका कोपऱ्यात, कमरेच्या उंचीवर, वाळूचा पट्टा होता आणि त्यातून पाणी बारीक धारेने येत होते. मासा देवमाशाच्याच खांद्याच्या हाडांवर रचून ठेवलेला होता, पण खालचे दोन थर पाण्यात बुडाले होते. शेपटीचा भाग, जो उन्हाळाभर जपून शरदातल्या सणाला कापायचा, त्यावर त्याने अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

वर आल्यावर त्याने हात बर्फाने घासले.

"हे झाकणातून आलेलं नाही," तो म्हणाला. "भिंतीतून येतंय. वाळूचा थर आहे, त्यातला बर्फ सुटलाय. तू तिथं रात्रंदिवस फडकं घेऊन बसली असतीस तरी आलं असतं. तुझा हात यात कुठे नाही."

"लोकांना भिंत नाही दिसणार, भाऊजी. मी दिसेन."

"कधीपासून?"

"रविवारपासून. चर्चला जायच्या आधी बर्फ आणायला उतरले, तर पाय ओला." ती भरभर बोलू लागली. "मी घासलं होतं हो. एप्रिलात तीन दिवस घासलं. अमोस म्हणाला, पुरे आता, आरसा करतेस का त्याचा. आणि मासा आलाच ना? घाण असती तर आला असता का? पाणी काढलं, की वरचे थर चांगले आहेत. वरचं वरचं कापून शनिवारी वाढते. मग अमोसला सांगेन. आधी जेवण होऊ दे."

"वरचंही मऊ आहे."

"थोडं."

"असलं मांस खाल्लं की आधी माणसाच्या पापण्या जड होऊन मिटतात. मग गिळता येत नाही. मग श्वास. शनिवारी शाळेतली सत्तर पोरं तुझ्या हातनं खाणार आहेत."

हिल्डाने तोंडावर हात धरला. एनॉकला वाटले ती रडेल, पण तिने हात काढला तेव्हा डोळे कोरडे होते आणि कान लाल झाले होते.

"मी ते वाढलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही आला नसतात तर वाढलं असतं. नाव राहावं म्हणून."

 एनॉकने तिला चार पंपांची गोष्ट सांगितली. नावे घेताना त्याला स्वतःचा आवाज चोरट्यासारखा वाटला. हिल्डा ऐकत राहिली आणि बर्डीचे नाव आले तेव्हा उभी राहिली.

"बर्डी? मागच्या रविवारी सगळ्यांसमोर मला म्हणाली, 'हिल्डा, यंदा तुझं तळघर घासलंस की नुसतं पुसलंस?' ती बर्डी?"

ती निघालीच. एनॉक मागे गेला. बर्डीच्या घराच्या मागच्या अंगाला ताडपत्री अंथरली होती आणि तिच्याखालून एक नळी खाडीच्या दिशेने गेली होती. नळीच्या तोंडाशी वाळूत छोटा खड्डा पडला होता. पंपाचा आवाज दबावा म्हणून त्यावर दोन गाद्या टाकल्या होत्या.

बर्डी मागच्या दाराने बाहेर आली. "काय गं, चोरासारखी मागून? पुढचं दार दिसलं नाही?"

"काय चाललंय?"

"मशीन तुंबलंय."

"कपडे धुतलेलं पाणी लाल असतं का तुझ्याकडे?"

बर्डीने खड्ड्याकडे पाहिले नाही. "नातवाचं लाल स्वेटर होतं. रंग जातो त्याचा." मग एकदम तिची हनुवटी वर आली. "आणि तू बोलू नकोस. तुझ्या झाकणावर बसून बदकं सोललीस म्हणून वास लपतो होय? माझ्या खिडकीपर्यंत येतो."

"माहितेय मला. म्हणून तर आलेय."

असे उत्तर बर्डीला अपेक्षित नव्हते. तिने एनॉककडे बघितले, त्याने समुद्राकडे. गाद्यांखाली पंप घरघरत होता.

"किती?" बर्डीने विचारले.

"गुडघ्याला."

"माझ्याकडे कमरेला." ती पायरीवर बसली. "आईच्या आईनं खणलेलं तळघर. मला वाटलं मीच... दर रात्री जाऊन झाकणाच्या कडेला चरबी लावत होते, फट राहू नये म्हणून."

हिल्डा तिच्याशेजारी बसली. दोघींच्या मध्ये हातभर अंतर होते. तीन वाजून गेले होते. एनॉक म्हणाला, "चार झाली तर कोठार इथे उतरतं. विमान चारला आहे. तुम्ही दोघी बोललात तर बाकीचे..."

"मी आधी नाही बोलणार," बर्डी म्हणाली. "मी आधी बोलले आणि ही गप्प बसली, तर मी मेले."

"मी बोलते आधी," हिल्डा म्हणाली. "रेडिओवर बोलते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग तू बोलशील?"

"तू बोल. तुझ्यामागोमाग मी."

"माझ्याकडे बघून सांग."

बर्डीने तिच्याकडे बघितले. "तुझ्यामागोमाग मी."

आमच्या गावात प्रत्येक स्वयंपाकघरात रेडिओचा संच चालू असतो. एकच वाहिनी, कोण बर्फावर अडकले, कोणाकडे भाकरी जास्त झाली, कोणाचा कुत्रा सुटला, सगळे सगळ्यांना ऐकू जाते. एनॉक विमानतळावर गेला. तिथे माल उतरवणाऱ्याच्या गाडीत संच होता आणि जोआना गाडीला टेकून उभी होती. वैमानिक पंखांभोवती फिरून तपासत होता आणि मधून मधून समुद्राकडे बघत होता. तिकडून धुके येत होते.

चारला दहा मिनिटे कमी होती तेव्हा हिल्डाचा आवाज आला.

"हिल्डा बोलतेय. अमोसच्या घरातून. जोआना ऐकत असेल तिच्यासाठी. माझ्या तळघरात गुडघ्याला पाणी आहे. मासा खराब झालाय. शनिवारचं मांस... शनिवारी ते वाढता येणार नाही. सकाळी मी कोरडं म्हटलं, ते खोटं होतं. मी घासलं होतं. एवढंच. हिल्डा."

जोआनाने कागद काढला आणि लिहिले. मग तिने गाडीचे दार पूर्ण उघडले, आवाज वाढवला आणि थांबली.

संचातून काही आले नाही. मग खट् असा आवाज झाला. कोणीतरी बोलायचे बटण दाबले होते आणि न बोलता सोडले होते. पुन्हा शांतता. पुन्हा खट्. थोड्या वेळाने आणखी एक, आणि त्याच्या लगेच मागे दुसरा. त्या प्रत्येक आवाजाबरोबर श्वासाइतकी जागा उघडत होती आणि मिटत होती. एका वेळी मागे पंपाची घरघरही ऐकू आली.

"एनॉककाका," जोआना संचाकडे बघत म्हणाली, "ही खटखट मला लिहिता येत नाही हो."

एनॉकने गाडीत वाकून बोलायचा माइक हातात घेतला. बर्डी, बोल, एवढेच म्हणायचे होते. तोंडाशी नेला, बटण दाबले. सगळे गाव त्याच्या श्वासाशी कान लावून आहे हे त्याला कळत होते. ज्याच्या घरी तळघरच नाही त्याने कोणाचे नाव घ्यायचे? त्याने बटण सोडले. खट्.

"बाई, धुकं," वैमानिक म्हणाला. "आता नाही तर उद्याही नाही."

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटांनी धावपट्टीचं टोक दिसणार नाही."

जोआनाने त्याला तीन मिनिटे थांबवले. त्यानंतर ती चढली. दार लावण्याआधी तिने एनॉककडे बघून हात वर केला. विमान धुक्यावरून वर गेले आणि त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. गाव तो संपायची वाट बघत असावे. कारण आवाज पूर्ण विरला आणि लगेच संच बोलू लागला.

"क्लेमेंट बोलतोय." खोकला. "माझ्याही. मांडीपर्यंत. मे महिन्यापासून."

"विनी. माझ्याकडे चिखल झालाय नुसता."

"ऑस्करची आई बोलतेय, आमचंही तसंच, पण आमचं थोडं आहे..."

"थोडं काय आणि फार काय, बाई," कोणीतरी म्हणाले, आणि कोणी हसले नाही.

वेस्लीच्या आईचा आवाज आला. आणखी तीन आले. बर्डी सर्वांत शेवटी बोलली, आणि फक्त नाव सांगून थांबली. पुढचे सगळ्यांना समजले. नऊ घरे झाली. अकरांपैकी नऊ, चार वाजून वीस मिनिटांनी.

एनॉक भावाच्या घरी पोचला तेव्हा हिल्डाचा संच बंद होता. ती तळघरातून लोखंडी आकड्याने मांस ओढून वर काढत होती, बाही खांद्यापर्यंत भिजलेली. एनॉकने दुसरा आकडा घेतला. दोघांनी काही वेळ काम केले. मग बर्डी घसरगाडी ओढत आली. तिच्यावर चार मोठे टब होते. ती कुंपणापाशी थांबली आणि आत आली नाही.

"मी बटण दाबलं होतं," ती म्हणाली. "दोनदा दाबलं. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. क्लेमेंट बोलेल म्हणून थांबले."

हिल्डाने मांसाचा तुकडा टबाच्या दिशेने ढकलला. "क्लेमेंट तू बोलशील म्हणून थांबला असेल."

"तू मला शिव्या घाल."

"आत्ता नाही. हे टोक धर."

बर्डीने धरले.  तासाभरात इतर घरांपुढेही माणसे उतरलेली दिसू लागली. कोणी कोणाकडे बघत नव्हते. एरवी मासा काढताना हाका असतात, थट्टा असते, एखाद्याच्या टोपीत रक्त पडले तरी हसतात. त्या दिवशी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात तुकडा जात होता आणि घेणारा टबाकडे बघत होता. जे खाण्यासारखे होते ते शाळेच्या शीतपेट्यांत गेले. त्या लवकर भरल्या. क्लेमेंट स्वतः हिल्डाच्या दारात आला, टोपी काढून उभा राहिला. त्याला काहीतरी मोठे बोलायचे असावे. शेवटी तो म्हणाला, "शनिवारची प्रार्थना मी करू नये असं मला वाटतं. दुसऱ्या कुणाला सांगा." हिल्डा म्हणाली, "तुम्हीच करा, दादा. दुसरा कोण उरलाय?"

अमोस गुरुवारी आला. झाकण उघडेच होते. त्याने आत डोकावले, मग बायकोकडे बघितले, मग भावाकडे. "रेडिओ आम्हाला तिथं लागत नव्हता," तो म्हणाला, जणू चूक त्याचीच होती.

त्याच दिवशी एनॉकने कचेरीत फोन लावला आणि नऊ घरांची नावे एका दमात सांगितली. आता त्याला ती सांगता येत होती.

"काका," जोआना म्हणाली, "आज नऊ आहेत. मंगळवारी चारला एक होतं. तेच बुधवारी सकाळी वरिष्ठांकडे गेलं."

"पण सगळ्यांनी सांगितलंय. स्वतः सांगितलंय. विमान गेल्यावर पंधरा मिनिटांत."

"मी ऐकलं. आमच्या विमानातही तो संच असतो. थोड्या अंतरापर्यंत येतं ऐकू." मग ती म्हणाली, "वैमानिकानं मला विचारलं, परत फिरायचं का. खाली धुकं होतं."

शीतकोठार दक्षिणेकडच्या गावी उतरले. शनिवारचे जेवण अमोसच्या अंगणात झाले: बदकांचा रस्सा, मासे, तळलेला पाव आणि शाळेच्या पेट्यांतून वाचलेले थोडे मक्ताक, माशाची चरबीसकट कापलेली कातडी, प्रत्येकाला बोटाएवढी. प्रार्थना क्लेमेंटने केली. त्याने तळघराचा शब्द घेतला नाही.

खराब मांस अस्वलांच्या भीतीने गावाजवळ टाकता येत नाही. ते किनाऱ्याने सहा किलोमीटरवर, जुन्या हाडांच्या ढिगापाशी न्यावे लागले. नेण्याआधी एनॉकने प्रत्येक टब विमानतळावरच्या मालकाट्यावर ठेवला. कोणीतरी म्हणाले, "फेकायचं ते मोजतोस कशाला?" तो काटा वाचत राहिला. नऊ घरांचे, दोन दिवसांत टाकलेले मांस: ४,३१० किलो.